क्वांटम संशोधनासाठी सरकारी फेलोशिप: पहिल्या फॉर्मपासून रुजू होण्यापर्यंत

दर वर्षी निकाल लागले की फिजिक्सची आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलंमुली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, क्वांटमची स्कॉलरशिप कुठे भरायची?" प्रश्न रास्त आहे, पण घोळही तिथूनच सुरू होतो. 'क्वांटम स्कॉलरशिप' नावाचा एकच फॉर्म, त्याची एकच शेवटची तारीख आणि एकच गुणवत्ता यादी असं आपल्याकडे काही नाही. या क्षेत्रातल्या बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांचा महिन्याचा पैसा सगळ्या विज्ञानशाखांसाठी असलेल्या जुन्या फेलोशिपमधूनच येतो. क्वांटमच्या नावाने आलेला पैसा असतो तो मुख्यतः प्रयोगशाळेत: यंत्रांत, प्रकल्पांत आणि त्या प्रकल्पांवरच्या जागांत.

म्हणून फॉर्म शोधण्याआधी एक सवय लावून घ्या. कुठलीही जाहिरात दिसली की विचारायचं, हा पैसा कोणाच्या नावावर आहे? माझ्या, संस्थेच्या, की गाईडच्या प्रकल्पाच्या? पुढची पाच-सहा वर्षं कशी जाणार हे बऱ्याच अंशी या एका उत्तरावर ठरतं.

सरकारला नेमकी कोणती माणसं हवी आहेत

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. खर्च ₹६,००३.६५ कोटी, मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. मिशन चालवतो तो केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीएसटी. उद्दिष्टं ठोस आहेत. आठ वर्षांत ५० ते १००० भौतिक क्यूबिटचे (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूळ एकक) संगणक, २००० किलोमीटर अंतरावर उपग्रहाच्या मदतीने सुरक्षित संदेशवहन, शहराशहरांत तेवढ्याच लांबीचं क्वांटम की वितरण (संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली पोचवण्याची पद्धत), आणि त्याखेरीज अतिसंवेदनशील चुंबकत्वमापक, अणुघड्याळं, नवे पदार्थ.

यासाठी चार मध्यवर्ती केंद्रं ठरली, त्यांना टी-हब म्हणतात. संगणन बेंगळुरूच्या आयआयएससीकडे (भारतीय विज्ञान संस्था), संदेशवहन आयआयटी मद्रासकडे सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या सोबतीने, संवेदन आणि मापनशास्त्र आयआयटी मुंबईकडे, पदार्थ आणि उपकरणं आयआयटी दिल्लीकडे. या हबांखाली देशभरातल्या संस्थांचे १४ तांत्रिक गट काम करतात.

ही उद्दिष्टं नोकरीच्या जाहिरातीसारखी वाचा, असं मी मुलांना सांगतो. सुपरकंडक्टिंग क्यूबिटचा संगणक घ्या. त्याची चिप डायल्युशन फ्रिजमध्ये १०-२० मिलिकेल्विनपर्यंत थंड करावी लागते आणि तिला सूचना द्यायच्या त्या साधारण ४ ते ८ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह स्पंदांनी. म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सइतकीच गरज मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंग, एफपीजीए (हव्या त्या कामासाठी जुळवता येणारी चिप), क्रायोजेनिक्स (अतिशीत तंत्र) आणि नॅनोफॅब्रिकेशन येणाऱ्यांची आहे. हिऱ्यातल्या एनव्ही केंद्रांवर (नायट्रोजन अणू आणि शेजारची रिकामी जागा यांच्या जोडीवर) आधारलेला चुंबकत्वमापक घेतला, तर हिरवा लेसर, लाल प्रकाश टिपणारा डिटेक्टर आणि २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासचा मायक्रोवेव्ह स्रोत जुळवणारा हात लागतो. क्वांटम की वितरणात एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर आणि वेळेचं काटेकोर इलेक्ट्रॉनिक्स.

मुलांचा ओढा मात्र अल्गोरिदमकडे असतो, कारण लॅपटॉपवर तेच करून बघता येतं. ते वाईट नाही. पण यंत्र उभं करणाऱ्या हातांची चणचण जास्त आहे, हे अर्ज करताना लक्षात ठेवा. ज्या इंजिनिअरिंगच्या मुलीला 'आपलं फिजिक्स कच्चं आहे' म्हणून हे क्षेत्र आपलं नाही असं वाटतं, तिला कित्येक प्रयोगशाळा आनंदाने बोलावतील.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला फार लांब जायचीही गरज नाही. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी, पुण्यात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठीय केंद्र), सी-डॅक (सरकारी संगणन केंद्र) आणि डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा. सहा क्यूबिटच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची पूर्ण चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पार पडल्याचं जाहीर झालं, ते काम याच पुण्याच्या प्रयोगशाळेचं आणि टीआयएफआरचं.

पैसा कोणाच्या नावावर

पहिला प्रकार, पैसा तुमच्या नावावर. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), डीएसटीची इन्स्पायर फेलोशिप, पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप), सामाजिक प्रवर्गांसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिप आणि राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप यात येतात. इथे निवड तुमची झालेली असते. तुम्ही संस्था आणि गाईड निवडता, आणि वेळ आलीच तर नियमांच्या चौकटीत बदलूही शकता. फारसा निधी नसलेला पण उत्तम शिकवणारा तरुण प्राध्यापकसुद्धा तुम्हाला घेऊ शकतो, कारण तुमच्या पगाराचा भार त्याच्यावर नसतो.

दुसऱ्या प्रकारात पैसा संस्थेच्या नावावर. टीआयएफआर, आयआयएससी, आयसर, आयआयटी आपल्या प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या पीएचडी विद्यार्थ्याला स्वतः फेलोशिप देतात. आयआयटीत याला टीए (टीचिंग असिस्टंटशिप) म्हणतात, कारण त्या बदल्यात आठवड्याचे काही तास शिकवणीचं किंवा लॅबचं काम असतं. गाईड बहुधा प्रवेशानंतर ठरतो.

उरला तिसरा प्रकार. इथे पैसा प्रकल्पाच्या नावावर असतो. मिशनचे तांत्रिक गट आणि टी-हब आपल्या प्रकल्पांवर जेआरएफ किंवा प्रोजेक्ट असोसिएटच्या जागा काढतात. क्वांटमच्या नावाचा पैसा विद्यार्थ्यापर्यंत थेट पोचतो तो इथे. जागा पटकन भरतात, अनेकदा लेखी परीक्षाही नसते, मुलाखतीवर काम होतं. पण प्रकल्प संपला की पैसा संपतो. आणि प्रकल्पावर रुजू होणं म्हणजे पीएचडीला प्रवेश मिळणं नव्हे, तो वेगळा घ्यावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दीड वर्ष प्रकल्पावर मनापासून काम केलं, आणि पीएचडीची नोंदणीच झालेली नाही हे त्याच्या घरच्यांना शेवटी कळलं. चूक कोणाची हा वाद नको. रुजू होण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: प्रकल्पाची मुदत किती उरली आहे, या जागेवरून पीएचडी नोंदणी करता येते का, आणि त्यासाठी कोणती परीक्षा लागते.

तरीही एमएस्सीनंतर नेटची वाट बघत घरी बसण्यापेक्षा वर्षभर चांगल्या प्रयोगशाळेत प्रकल्पावर काम करावं, असंच मी म्हणेन. फक्त त्या वर्षात परीक्षेचा अभ्यास सुटू देऊ नका.

बारावी ते पदवी

बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन पदवीला मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी इन्स्पायर-शी शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ₹८०,०००, त्यातले ₹६०,००० हातात आणि ₹२०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. आपल्याकडे अनेक हुशार मुलं इंजिनिअरिंगला गेली नाहीत म्हणून स्वतःला मागे पडलेली समजतात आणि हा फॉर्म भरतच नाहीत. बोर्डाचं पात्रतापत्र मिळवा आणि बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी भरा. ही शिष्यवृत्ती पुढे कामाला येते: एमएस्सीत ७० टक्के मिळवणारे इन्स्पायर-शीचे विद्यार्थी पीएचडीच्या इन्स्पायर फेलोशिपला अर्ज करू शकतात. बाकीच्यांसाठी तिथे विद्यापीठात पहिला येण्याची अट असते.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) डीएसटीसोबत क्वांटम तंत्रज्ञानाचा मायनर अभ्यासक्रम आखला आहे, किमान १८ क्रेडिटचा. तुमच्या कॉलेजने तो सुरू केला आहे का, विचारा. नसेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर क्वांटम माहितीशास्त्राचे, क्वांटम ऑप्टिक्सचे अभ्यासक्रम फुकट आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेचं शुल्क तेवढं वेगळं. सराव करायला सी-डॅक, आयआयएससी आणि आयआयटी रुरकीने मिळून केलेला क्यूसिम हा सिम्युलेटर आहे.

पुण्याच्या आयसरमध्ये आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशन आहे. ते डीएसटीच्याच सायबर-फिजिकल सिस्टिम्सच्या मिशनखाली, क्वांटम मिशनच्या आधीपासून उभं आहे. त्यांच्या चाणक्य फेलोशिप पदवी, पदव्युत्तर, पीएचडी आणि पोस्टडॉक अशा चारही पातळ्यांवर निघत आल्या आहेत. खास क्वांटमसाठीची आणि पदवीच्या मुलालाही मिळू शकणारी सरकारी पैशाची वाट विचाराल तर ती ही. इथे विद्यार्थ्याला एखादा मार्गदर्शक आणि नेमका प्रकल्प घेऊन यावं लागतं. म्हणून जाहिरात येईपर्यंत थांबू नका, आपल्याच कॉलेजमधल्या प्राध्यापकाशी बोलून दोन पानी प्रस्ताव तयार ठेवा.

उन्हाळ्यातले दोन महिने मात्र मी सगळ्यांत मोलाचे मानतो. तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप, टीआयएफआरची व्हीएसआरपी आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हे तीन अर्ज दर वर्षी भरायचेच. एकदा प्रयोगशाळेत उभं राहून लेसर जुळवायला चार दिवस का लागतात ते अनुभवलं, की हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, याचं उत्तर कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर मिळतं. शिवाय तिथल्या शास्त्रज्ञाचं शिफारसपत्र 'विद्यार्थी नियमित आणि सुशील आहे' यापेक्षा बरंच काही सांगणारं असतं.

पदव्युत्तर वळण

इंजिनिअरिंग केलेल्यांना गेट देऊन एमटेक करता येतं. गेटवरून प्रवेश घेणाऱ्यांना महिना ₹१२,४०० मिळतात, २४ महिने. आयआयएससीत क्वांटम तंत्रज्ञानाचा वेगळा एमटेक आहे, आणि पुण्याच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या विद्यापीठातही या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षी दिलेली परीक्षा एमटेक, पीएचडी आणि प्रकल्पाची जागा या तिन्हींसाठी उपयोगी पडते.

बीएस्सीवाल्यांनी जॅम या सामाईक प्रवेशपरीक्षेतून एमएस्सी किंवा थेट इंटिग्रेटेड पीएचडी बघावी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीचाही मार्ग खुला आहे. प्रयोगाचं काम करायचं असेल तर मला तो घाईचा वाटतो. एमएस्सीची दोन वर्षं हात बसायला लागतात.

परीक्षा: कोणती, कशासाठी

सीएसआयआर-यूजीसी नेट ही सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती पैसा तुमच्या नावावर आणते. वर्षाला दोन फेऱ्या, जून आणि डिसेंबर अशा नावाच्या, प्रत्यक्ष तारीख बऱ्याचदा पुढे सरकते. भौतिकशास्त्राची परीक्षा २०० गुणांची आणि तीन तासांची. भाग अ मध्ये १५ प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, ब मध्ये २० प्रश्न साडेतीन गुणांचे, क मध्ये २० प्रश्न ५ गुणांचे, तिन्ही भागांत चुकीच्या उत्तराला २५ टक्के कापतात. क भागातले १०० गुण बघून घाबरू नका. तिथे जास्तीचे प्रश्न दिलेले असतात आणि निवड तुमच्या हातात असते. क्वांटम मेकॅनिक्स, गणिती पद्धती, विद्युतचुंबकत्व आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पक्कं असेल तर बाकीच्या घटकांतले निवडक प्रश्न पुरतात. बीई-बीटेक झालेलेही ही परीक्षा देऊ शकतात, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना बहुधा कोणी सांगत नाही.

२०२४-२५ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांचा पीएचडीचा प्रवेश ७० टक्के नेटचे गुण आणि ३० टक्के मुलाखत यावर होतो, आणि त्या कामासाठी गुण एकच वर्ष ग्राह्य असतात. तेव्हा तिसऱ्या गटात नाव आलं म्हणून निराश होऊन ते वर्ष हातचं घालवू नका.

जेस्ट ही फिजिक्सच्या संशोधन संस्थांची सामाईक परीक्षा, १०० गुणांची, वर्षातून एकदाच, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा डिसेंबरात. दोन्हींतला पैसा संस्थेच्या नावावरचा, पण दर साधारण जेआरएफचेच. नेट म्हणजे रुंदी, जेस्ट आणि टीआयएफआर म्हणजे खोली, असं माझं मत आहे. एकाच अभ्यासावर तिन्ही द्यायच्या, फक्त जेस्टच्या आधी महिनाभर सगळी गणितं पर्यायांकडे न बघता पूर्ण सोडवायची.

रक्कम आणि अटी

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ₹३७,००० आणि एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) ₹४२,००० आहे. त्यावर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे भत्ता, संस्थेत वसतिगृह मिळालं तर तो भत्ता नाही. पहिली दोन वर्षं जेआरएफ, मग तीन वर्षं एसआरएफ, एकूण पाच. इन्स्पायरचे दरही हेच.

पीएमआरएफच्या पहिल्या टप्प्यात पहिली दोन वर्षं ₹७०,०००, तिसऱ्या वर्षी ₹७५,०००, चौथ्या-पाचव्या वर्षी ₹८०,००० आणि वर्षाला ₹२ लाखांचं संशोधन अनुदान होतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी १०,००० फेलोशिप जाहीर झाल्या, आयआयटी आणि आयआयएससीतल्या तंत्रज्ञान संशोधनासाठी. नव्या टप्प्याला जुन्याच अटी लागू असतील असं गृहीत धरू नका. ज्या संस्थेत जायचं आहे तिथल्या पीएचडी कार्यालयाची ताजी सूचना वाचा.

आता राज्याच्या फेलोशिप. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. यांत सहसा आधी पीएचडीची नोंदणी आणि मग अर्ज असा क्रम असतो. केंद्राच्याही अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिप आहेत, एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. नेटमध्ये जेआरएफ थोडक्यात हुकलेल्या ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलांची पीएचडी या वाटेने होऊ शकते. प्रस्ताव क्वांटमचा आहे म्हणून तो कमी पात्र ठरत नाही. फक्त शीर्षक मराठीत आणि इंग्रजीत असं लिहा की विषयाबाहेरच्या माणसालाही तुम्ही काय मोजणार किंवा काय बनवणार आहात ते कळेल.

एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. दुसरी मिळाली तर पहिली लेखी सोडावी लागते, आणि त्याचा ना-हरकत दाखला हाताशी असावा लागतो.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी आणखी दोन नियम माहीत करून घ्यावेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा आहे, आणि सहा वर्षांच्या कमाल मुदतीवर महिलांना व दिव्यांगांना वाढीव सवलत आहे. 'लग्न झालं की पीएचडी सुटेल' ही भीती घालणाऱ्यांसमोर हा नियम छापून ठेवा.

कागदपत्रांनी घात होतो तो इथे

माझी एक विद्यार्थिनी, गुणांनी अगदी वरची, मुलाखतीच्या पडताळणीत अडकली. तिच्याकडे नॉन-क्रिमीलेअर होतं, पण राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. नवीन दाखला यायला जितके दिवस लागले तितक्यात फेरी संपली. त्या दिवशीचा तिचा फोन मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून कागद परीक्षेच्या आधी गोळा करायला लावतो.

म्हणून नेटचा फॉर्म भरायच्या आधीच सेतू किंवा तहसील कार्यालयात अर्ज टाका आणि केंद्राचा नमुना हवा हे स्पष्ट सांगा. तुमची जात राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, ते आधी तपासा. ईडब्ल्यूएसचा दाखला ज्या आर्थिक वर्षाचा मागितला आहे त्याच वर्षाचा हवा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि बँक खातं या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग तंतोतंत एक असू द्या. वडिलांचं नाव मधे येतं की नाही, आडनाव आधी की नंतर, यावरूनही अर्ज परत येतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. आणि खातं आधारशी जोडलेलं आहे याची बँकेत जाऊन खात्री करा.

गाईडला पत्र

'आदरणीय सर, मला क्वांटममध्ये खूप रस आहे, कृपया संधी द्या' अशा ईमेलला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. ज्या प्रयोगशाळेला लिहिताय तिचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचा. सगळा कळणार नाही, कळायची गरजही नाही. त्यातली एक आकृती घ्या, ती काय सांगते ते एका वाक्यात लिहा, आणि तुम्हाला न कळलेली एक खरी गोष्ट विचारा. मग तुम्ही हाताने काय केलं आहे ते लिहा: मायकेलसन इंटरफेरोमीटर जुळवला, पोलरायझर वापरून बीबी८४ या क्वांटम की वितरणाच्या पद्धतीचा प्रात्यक्षिक नमुना मांडला, पायथनमध्ये दोन पातळ्यांच्या प्रणालीची राबी आंदोलनं काढली, आरएफ फिल्टर बनवून मोजला. जे केलं तेवढंच. शेवटी पैशाची स्थिती एका ओळीत: 'माझी जेआरएफ आहे', 'निकाल यायचा आहे' किंवा 'प्रकल्पावरची जागा हवी आहे'. ही ओळ बघूनच गाईडला पुढचं ठरवता येतं, म्हणून ती संकोचाने गाळू नका.

दहा प्रयोगशाळांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा तीन ठिकाणी असं पत्र पाठवा. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढे चला.

जमलं तर त्या प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोला. यंत्र चालू आहे की अजून यायचं आहे? आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? गाईड आठवड्यातून किती वेळा भेटतात? क्वांटमच्या प्रयोगात ही चौकशी फार महत्त्वाची आहे. उपकरण आयात होऊन, बसून, थंड होऊन पहिला संकेत दिसेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात आणि फेलोशिपचं घड्याळ त्यासाठी थांबत नाही. नव्या प्रयोगशाळेत पहिलं यंत्र उभारण्याचा अनुभव अमूल्य असतो, पण त्याची ही किंमत आधी माहीत असावी.

मुलाखत

फळ्यापाशी उभं करतात आणि 'तुमचा आवडता विषय कोणता' इथून सुरुवात होते. जे नाव घ्याल त्यात खोल नेतात, म्हणून विचार करून घ्या. स्पिन-अर्धा प्रणाली, ब्लॉख गोल, डेन्सिटी मॅट्रिक्स, हार्मोनिक ऑसिलेटर, एन्टँगलमेंट म्हणजे नेमकं काय आणि त्यातून प्रकाशापेक्षा वेगाने संदेश का पाठवता येत नाही, एवढं न अडखळता मांडता यायला हवं. प्रयोगवाल्यांना त्रुटींचं गणित, गोंगाटातून संकेत कसा वेगळा काढतात, आणि केबलचा ५० ओहम इम्पिडन्स जुळला नाही तर काय होतं, असं विचारतात. इंजिनिअरिंगवाल्यांनी आपलं सर्किटचं ज्ञान लपवू नये, संभाषण तिकडे न्यावं.

अडलात तर 'इथपर्यंत येतं, पुढचं असं करून बघतो' म्हणा आणि मोठ्याने विचार करा. समोरचे लोक तुम्ही अडकल्यावर काय करता तेच बघत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा धाक वाटतो. समीकरण स्वच्छ लिहिलं आणि आकृती नीट काढली की तुटक इंग्रजी कोणी मनावर घेत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

निवड झाल्यावर

अवॉर्ड लेटर किती काळ वैध आहे ते पहिल्याच दिवशी वाचा आणि ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या मुदतीत पीएचडीला प्रवेश घेऊन रुजू व्हायचं असतं. रुजू अहवाल, संस्थेचं हमीपत्र, वसतिगृह नसल्याचा किंवा असल्याचा दाखला आणि बँकेचा तपशील हे कागद जितक्या लवकर जातील तितकं बरं. तरीही पहिला हप्ता यायला काही महिने लागू शकतात आणि मग थकबाकीसह एकदम येतो. म्हणून निघताना चार-पाच महिन्यांच्या खाण्याराहण्याची तजवीज करा. घरून शक्य नसेल तर गाईडला आणि विभागाला आधीच स्पष्ट सांगा, काही संस्था तात्पुरती उचल देतात. मागायला लाजून सोडून गेलेली मुलं मला माहीत आहेत.

त्यानंतर हजेरीचा दाखला दर महिन्याला वेळेत चढतो का ते स्वतः बघा, कार्यालयावर सोडू नका. वर्षअखेरीचा प्रगती अहवाल लिहायला प्रयोगाची वही रोजच्या रोज तारखेसह ठेवा. दोन वर्षं झाली की बाहेरच्या तज्ज्ञासह समिती बसते आणि तिच्या शिफारशीवर जेआरएफची एसआरएफ होते. ती बैठक लावणं गाईडच्या आणि कार्यालयाच्या धावपळीत मागे पडतं, आणि तोवर जुन्याच दराने पैसा येत राहतो. दुसरं वर्ष संपायला तीन महिने असतानाच तारीख मागून घ्या.